दीर तक्रार करून माझी मुलं काढून घेऊ शकतो का?

ताई, तुम्ही लिहिलंय की नवरा सोडून गेलाय, तुम्ही लोकांकडे स्वयंपाकाला जाता, ८ वर्षांची मुलगी आणि ५ वर्षांचा मुलगा शाळेतून आले की शेजारच्या आजींकडे असतात, आणि दीर "बालकल्याण समितीत तक्रार करून पोरं काढून घेतो" म्हणून धमकावतोय. अशा प्रकरणांत मी आईवडिलांच्या बाजूने समितीसमोर उभी राहते, म्हणून उत्तर देते आहे.

बालकल्याण समिती म्हणजे संकटातल्या मुलांबद्दल निर्णय घेणारी जिल्ह्याची सरकारी समिती. तिथे तक्रार कुणीही करू शकतं, अगदी १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर फोन करूनसुद्धा. पण निर्णय दिराचा नाही. मूल ताब्यात घेतलंच, तर २०१५ च्या बाल न्याय कायद्याप्रमाणे २४ तासांत समितीपुढे हजर करावं लागतं. अंतिम निर्णयाला किमान ३ सदस्य लागतात. आई सांभाळायला अयोग्य किंवा असमर्थ आहे, हे त्यांना चौकशी करून ठरवावं लागतं. पोटासाठी कामाला जाणारी आई असमर्थ नसते. उलट याच कायद्याच्या कलम ४५ मध्ये विधवा, घटस्फोटित किंवा घरच्यांनी टाकलेल्या आईच्या मुलांसाठी प्रायोजकत्वाची, म्हणजे मुलांच्या खर्चाला पैशांची मदत सांगितली आहे. महाराष्ट्रात बालसंगोपन योजनेतून मुलामागे महिना २२५० रुपये मिळतात. जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्याच्या कार्यालयात आजच अर्ज करा. दिराला ताबाच हवा असेल, तर त्याला कोर्टात जावं लागेल. समिती भाऊबंदकी मिटवायला बसलेली नाही.

चौकशी लागलीच, तर समितीने पाठवलेला माणूस घरी येईल. घर लहान आहे म्हणून लाजू नका. शाळा सुटल्यापासून तुम्ही परत येईपर्यंत मुलांजवळ कोण असतं, हे तो आधी विचारेल. शेजारच्या आजींशी बोलेल. मुलाला बाजूला घेऊन सकाळी काय खाल्लं, घरात कुणी मारतं का, असं विचारेल. शाळेचा बोनाफाईड, लसीकरणाचं कार्ड, रेशनकार्ड, आधार एका पिशवीत काढून ठेवा. आजींना आधीच सगळं सांगून ठेवा.

माझा सगळ्यात मोठा राग भीतीवर आहे. नोटीस आली की बायका घाबरून जातच नाहीत, मग कागदावर "आई हजर नाही" एवढंच उरतं. चौकशीला कायद्याने ४ महिन्यांची मुदत आहे. ५ वर्षांच्या पोराला ४ महिने बालगृहात म्हणजे फार झाले, आणि हे समितीतल्या माणसांनीही रोज लक्षात ठेवायला हवं. बोलावलं त्या दिवशी खाडा करून जा. वकिलाच्या फीची काळजी नको. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात बाईला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. आदेश विरोधात गेला, तर ३० दिवसांत बाल न्यायालयात अपील करता येतं.

मूल घरातून काढण्याचा हा अधिकार सरकारला असूच नये, असं मात्र मी म्हणणार नाही. ज्या घरात बापच पोरीवर हात टाकतो, तिथून तिला बाहेर काढायला कुणीतरी लागतं.

आणखी एक, वाचल्याशिवाय कुठल्याही कागदावर सही किंवा अंगठा देऊ नका. "वसतिगृहात ठेवतो" असं सांगून मूल कायमचं सोपवल्याचा कागद पुढे केलेला मी पाहिलाय. तशी सही समितीसमोरच व्हावी लागते, आणि नंतरही फेरविचाराला २ महिने मिळतात. असं काही आधीच झालं असेल, तर तारीख बघून लगेच समितीत लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.