फ्लेवर तुम्ही निवडा म्हणतात, मग खरंच निवडतं कोण?

मागच्या अंकात कोल्ड्रिंकच्या कंपन्या पुढचा फ्लेवर लोकांच्या मतांवर ठरवतात त्याबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या, त्यावर बरीच पत्रं आली. फूड टेक्नॉलॉजी हा माझा विषय, त्यामुळे जमेल तेवढ्यांना इथे नीट उत्तर देते.

ताई, मी एमबीए करतोय. मार्केटिंगच्या लेक्चरला माउंटन ड्यू या कोल्ड्रिंकच्या 'ड्यूमॉक्रसी'ची, म्हणजे लोकांच्या मतांवर नवा फ्लेवर ठरवायच्या मोहिमेची केस झाली. सर म्हणाले ग्राहकांनी स्वतःचं ड्रिंक स्वतः बनवलं. मला काही ते पटत नाही, फॉर्म्युला तर कंपनीचाच ना? मग लोकांनी नक्की काय ठरवलं?
– एक विद्यार्थी, नाशिक

फॉर्म्युला कंपनीचाच, त्यात वाद नाही. पण लोकांनी काहीच ठरवलं नाही असंही नाही, आणि कुणी काय ठरवलं ते कळायला ड्यूमॉक्रसीच्या दोन फेऱ्या वेगवेगळ्या बघाव्या लागतात.

माउंटन ड्यू मुळात टेनेसीतल्या नॉक्सव्हिलचं, हार्टमन नावाच्या भावांनी व्हिस्कीत मिसळायला म्हणून केलेलं, १९६४ मध्ये ते पेप्सीकडे गेलं. २००७ च्या नोव्हेंबरात त्यांनी ड्यूमॉक्रसीची पहिली फेरी सुरू केली, ती एका ऑनलाइन गेमच्या रूपात होती, खेळता खेळता लोकांनी चव, रंग, नाव, लेबल असं एकेक निवडत जायचं. त्यातून ३ ड्रिंक्स तयार झाली, सुपरनोव्हा म्हणजे स्ट्रॉबेरी आणि मेलन, रिव्होल्यूशन म्हणजे बेरी, आणि व्होल्टेज म्हणजे रास्पबेरी आणि सिट्रस, तिन्हींत जिनसेंग नावाचं औषधी मूळ. आता महत्त्वाचं हे की २००८ च्या उन्हाळ्यात ही तिन्ही ड्रिंक्स अमेरिकेतल्या दुकानांत खरोखर विकायला ठेवली, लोकांनी ती विकत घेतली, प्यायली, आणि मग मतं दिली. व्होल्टेज जिंकलं, वर्ष संपता संपता ते कायमचं बाजारात आलं, आणि आजही मिळतं. कोल्ड्रिंकच्या धंद्यात नवीन फ्लेवर किती पटापट येतात आणि जातात ते बघितलं तर ही फार मोठी गोष्ट आहे.

दुसरी फेरी २००९-१० ची, आणि मला विचारशील तर ती जास्त खरी होती. त्यांनी ७ फ्लेवर ५० चाहत्यांच्या घरी पाठवले, त्यातून ३ उरले, मग त्या तिघांभोवती चाहत्यांचे गट झाले आणि रंग, नाव, बाटलीचं रूप, अगदी जाहिरात कुणी करायची इथपर्यंत त्या गटांना विचारलं गेलं. डिस्टॉर्शन, टायफून आणि व्हाइट आउट अशी ती ३ नावं. २०१० च्या एप्रिलपासून जूनपर्यंत ती दुकानांत होती आणि व्हाइट आउट जिंकलं.

आता कंपनीनं काय ठरवलं ते बघ. मतदानाला जे पर्याय येतात ते सगळे कारखान्यात बनू शकणारे असतात, अर्क ठरलेल्या भावात मिळणारा, रंग उजेडात न उडणारा, बाटली महिनोन्‌महिने दुकानात राहिली तरी चव न बदलणारी. हे सगळं चाळून झाल्यावर यादी लोकांसमोर येते, त्यामुळे कुणीही जिंकलं तरी कंपनीचं नुकसान नसतंच. तुझ्या सरांचं वाक्य मी असं म्हणेन की यादी कंपनीची आणि शेवटचा कौल लोकांचा. आणि तो कौल किती खरा हे एकाच गोष्टीवर ठरतं, मत देणाऱ्यानं ते ड्रिंक आधी प्यायलंय का नाही.

न पिता दिलेल्या मताचं उदाहरण पण याच ब्रँडचं आहे. २०१२ मध्ये एका पिझ्झा चेननं हिरव्या सफरचंदाच्या चवीच्या माउंटन ड्यूला नाव सुचवा अशी ऑनलाइन स्पर्धा काढली, ना कुणाच्या हातात ग्लास ना कसली चाळणी, टवाळ पोरांनी इतकी घाणेरडी नावं वर आणली की साइट बंद करावी लागली. केस स्टडी लिहिताना ही दोन्ही उदाहरणं शेजारी शेजारी ठेव, तुझा मुद्दा आपोआप उभा राहील.

नमस्कार ताई, आम्ही न्यू जर्सीला असतो. २०१६ मध्ये माउंटन ड्यूनं बाहा ब्लास्ट का पिच ब्लॅक असं मतदान घेतलं तेव्हा आम्ही सगळ्या मित्रांनी पिच ब्लॅकला मतं दिली होती, ते जिंकलं पण! आणि काही वर्षांनी दुकानातून गायब. मग आमच्या मतांचा उपयोग काय झाला? फार वाईट वाटलं होतं.
– एक वाचक, एडिसन

वाईट वाटणं साहजिक आहे. पण काय होतं ना, मत द्यायला पैसे लागत नाहीत आणि एकच माणूस पुन्हा पुन्हा देऊ शकतो. त्या वेळी तर लोकांनी जास्त मतं मिळवायला केस रंगवणं वगैरे चॅलेंज पण केले होते. म्हणजे मतदानात उत्साह मोजला जातो, दुकानात मात्र दर आठवड्याला कोण किती बाटल्या उचलतं ते मोजलं जातं, आणि फळीवरची जागा फक्त दुसऱ्या आकड्यावर टिकते. पिच ब्लॅक हा द्राक्षाच्या चवीचा, २००४ मध्ये हॅलोविनला म्हणून आलेला फ्लेवर, त्याचे चाहते जीव टाकणारे पण संख्येनं कमी. बाहा ब्लास्ट पण २००४ चाच, टॅको बेल या फास्ट फूडच्या चेनसाठी केलेला, तिथे रोज जाणाऱ्या लोकांच्या तोंडात वर्षानुवर्षं बसलेली चव. तो २०१६ ला हरला आणि २०२४ मध्ये वर्षभर दुकानांत मिळायला लागला. तुमचा पिच ब्लॅक २०२३ मध्ये परत आला तो थोड्याच दिवसांसाठी.

पण मतं फुकट गेली असं नका म्हणू. हरलेल्या फ्लेवरचा पण लोक आग्रह धरतात ही कंपनीला दिसणारी गोष्ट आहे, ड्यूमॉक्रसीच्या दोन फेऱ्यांत हरलेले सुपरनोव्हा आणि टायफून २०११ मध्ये काही काळ परत आणले ते त्यामुळेच.

तुमच्याकडे थिएटरमध्ये, बर्गरच्या दुकानांत कोका-कोलाची फ्रीस्टाइल मशीन असतात बघा, स्क्रीनवर बोट लावून शंभराहून जास्त प्रकारची ड्रिंक्स निघतात. तिथे कुणी मत देतोय असं कुणालाच वाटत नाही, पण कुठे कोण काय मिसळून पितंय त्याची नोंद कंपनीकडे जाते, आणि २०१७ मध्ये चेरी घातलेलं स्प्राइट बाटलीत आलं ते या नोंदी बघूनच. माझ्या मते ही सगळ्यात प्रामाणिक निवड, कारण माणूस स्वतःच्या पैशानं, स्वतःला आत्ता जे प्यायचंय तेच घेतो. फक्त एक खटकतं, आपण निवड करतोय हे पिणाऱ्याला कुणी सांगितलेलंच नसतं, आणि ते सांगायला हवं असं मला मनापासून वाटतं.

मॅडम, फ्लेवर सुचवणाऱ्याला पैसे मिळतात का? का आयडिया आपली आणि कमाई त्यांची?
– एक वाचक, लातूर

दोन्ही प्रकार आहेत. कोल्ड्रिंकमध्ये बहुतेक वेळा फक्त मत द्यायचं असतं, पैसे नाहीत. चिप्सवाले जास्त उदार निघाले. इंग्लंडात वॉकर्सनं २००८-०९ मध्ये जिंकणाऱ्याला ५० हजार पाउंड आणि पुढच्या विक्रीतला १ टक्का असं ठेवलं होतं, आणि अमेरिकेत लेजनं २०१२-१३ ला १० लाख डॉलर किंवा विक्रीतला १ टक्का यातलं जे जास्त असेल ते, तिथे चीज गार्लिक ब्रेड जिंकलं. पण भाग घेण्याआधी नियम वाचा, पाठवलेल्या कल्पनेचे सगळे हक्क कंपनीचे असं त्यात बहुतेक लिहिलेलं असतंच. तुमची रेसिपी खरंच धंदा करण्यासारखी असेल तर ती स्पर्धेत देऊच नका.

ताई, मुलगा १३ वर्षांचा आहे. इंटरनेटवर हे फ्लेवरचं व्होटिंग वगैरे बघून माउंटन ड्यूचं निळं ड्रिंक हवंच म्हणतो, इम्पोर्टेडच्या दुकानात कॅन मिळतो. द्यावा का?
– एक आई, ठाणे

एकदा चव बघू दे, पण अख्खा कॅन एकट्याला देऊ नका. अमेरिकेतल्या साध्या माउंटन ड्यूच्या ३५५ मिलिच्या कॅनमध्ये ४६ ग्रॅम साखर आणि ५४ मिलिग्रॅम कॅफिन असतं. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाची वरून घातलेली साखर सगळी मिळून ५० ग्रॅमच्या आत ठेवा सांगते, २५ च्या आत असेल तर उत्तम. म्हणजे एका कॅनमध्ये जवळजवळ दिवस संपला. त्याला हे आकडे लेबलवर स्वतः वाचायला लावा, १३ वर्षांच्या मुलाला ते कळतं. आणि संध्याकाळनंतर नको, झोप उडते.

ताई नमस्कार, आमचा सांगलीत सोड्याचा गाडा होता, आता छोटं दुकान आहे, वडिलांपासून गोटी सोडा करतो. लिंबू, जिरा, आलं, काला खट्टा चालतात. या उन्हाळ्यात एक नवीन फ्लेवर गिऱ्हाइकांनीच निवडावा असं मनात आहे. डोक्यात कोकम, जांभूळ, पेरू-मिरची आहे. कसं करू? मोबाईलवर पोल टाकू का?
– एक दुकानदार, सांगली

दादा, तुमचं पत्र वाचून फार बरं वाटलं. नुसता पोल टाकू नका एवढं पहिलं सांगते. पोलवर पेरू-मिरची जिंकणार हे मी आत्ताच सांगते, कारण ऐकायला भारी वाटतं, पण ऐकायला भारी आणि रोज दुपारी प्यायला भारी या दोन वेगळ्या गोष्टी. तुमच्याकडे मोठ्या कंपनीला नाही अशी एक सोय आहे, गिऱ्हाईक तुमच्या समोर उभं राहून पितं, तुम्हाला त्याचं तोंड दिसतं आणि ग्लासात किती उरलं तेही दिसतं.

तिन्ही फ्लेवर एकदम विकायला ठेवा आणि एकाच भावात ठेवा, स्वस्त मस्त बघून कुणी निवडायला नको. फुकट घोट देऊन मत विचारू नका, हे नक्की पाळा. एका घोटात जास्त गोड असेल ते नेहमी आवडतं, अख्खा ग्लास पिताना तेच नकोसं होतं. कोका-कोलासारख्या कंपनीची यात फजिती झाली, १९८५ मध्ये जवळजवळ २ लाख लोकांना घोट देऊन नवीन गोडसर कोक पास केलं, २३ एप्रिलला आणलं आणि लोकांचा संताप बघून ७९ दिवसांत जुनं परत आणायला लागलं. त्यात अजून एक चूक होती, हे आलं की तुमचं जुनं जाणार हे चव बघणाऱ्यांना कुणी नीट विचारलंच नव्हतं. म्हणून तुम्ही पण स्पष्ट सांगा की लिंबू-जिरा कुठेही जात नाहीये, हा एक वाढतोय. तुमची जुनी गिऱ्हाइकं त्यावरच जगतात.

मोजायचं कसं, तर मतं मोजू नका, दुसरा ग्लास मोजा. एका वहीत रोज लिहा की कुठला किती गेला आणि त्यातले किती जण परत येऊन तोच मागतात. महिनाभर तरी करा, म्हणजे पगाराचा आठवडा, बाजाराचा दिवस, ढगाळ हवा सगळं त्यात येईल. फळ्यावर नावांचा क्रम रोज बदला, वर लिहिलेलं जास्त खपतं. आणि चव ठरवताना थंडगार करूनच चाखा, कोमट असताना बरोबर वाटणारी साखर थंड झाल्यावर कमी वाटते.

आता एकेकाचं. कोकम माझ्या मते सगळ्यात भक्कम, आंबटपणा स्वतःचा आहे, कोकणातून आगळ सहज मिळतं, फक्त आगळात मीठ असतं ते धरून बाकीचं मीठ ठरवा, आणि गॅस भरलेल्या सोड्यात वरून मीठ टाकलं की फेस उसळून अर्धा ग्लास सांडतो म्हणून मीठ सरबतातच विरघळवा. कोकम आणि जांभूळ दोन्हींचा रंग उजेडात फिका पडतो, सरबत उन्हात मांडून ठेवू नका. जांभळाचा हंगाम छोटा, गर साठवायला फ्रीज लागेल, आणि गर घालून बाटली बंद करून ठेवलीत तर आंबून बाटलीतला दाब वाढतो, फुटायची भीती असते, म्हणून जांभूळ फक्त ग्लासात, समोर मिसळून. पेरू-मिरचीत मिरची ताजी वाटू नका, रोज तिखटपणा बदलेल, मिरचीपूड मोजून घाला. बाहेरचा रंग घालायचा झाला तर आपल्याकडे ८ च सिंथेटिक रंग चालतात आणि तयार पेयात त्यांची मर्यादा किलोला १०० मिलिग्रॅम आहे, डोळ्यांच्या अंदाजानं ती सहज ओलांडली जाते. या तिघांना तर रंगाची गरजच नाही, नका घालू.

आणि कुठला फ्लेवर परवडत नाही हे महिन्याआधीच हिशोब करून बघा, जो परवडत नाही तो निवडीला ठेवूच नका. लोकांनी जांभूळ निवडलं आणि तुम्ही मग कोकम आणलंत तर पुढच्या वर्षी कुणी काही सांगणार नाही. महिना झाला की वहीतले आकडे दुकानात लावा, सगळ्यांना दिसतील असे, हरलेल्यांचे पण. जांभूळ हरलं तरी त्याच्या दोन-चार पक्क्या गिऱ्हाइकांचे नंबर घेऊन ठेवा, पुढच्या जूनमध्ये जांभळं आली की आठ दिवस त्यांच्यासाठी करा.