कच्च्या मातीवरची अक्षरे टिकली कशी?

प्रश्न : नातवाला घेऊन अजब बंगला, म्हणजे नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय, पाहायला गेलो होतो. तेथील जुने लेख पाहताना त्याने विचारले की, दगड आणि तांबे टिकते हे समजते. पण मेसोपोटेमियातील (आजच्या इराकमधील) लोकांनी मातीच्या पाट्यांवर लिहिलेले चार-पाच हजार वर्षे कसे टिकले, मातीचा चिखल होत नाही का? मला उत्तर देता आले नाही.
– एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : आपल्या नातवाची शंका रास्त आहे, कारण यांतील बहुतेक पाट्या भाजलेल्या नव्हत्याच. ओल्या मातीची तळहातात मावेल एवढी वडी करायची, बोरूच्या टोकाने तिच्यावर पाचरीच्या आकाराचे ठसे उमटवायचे आणि ती वाळू द्यायची, एवढीच रीत होती. अशी पाटी पाण्यात विरघळते. नको झालेल्या पाट्या भिजवून त्यांची माती पुन्हा वापरलीही जाई.

तरीही ज्या उरल्या, त्या मुख्यतः उपेक्षेमुळे उरल्या. तांब्याला मोल असते, त्यामुळे जुना ताम्रपट वितळवून भांडे करण्याचा मोह होऊ शकतो. मातीच्या जुन्या पावतीला मात्र कोणी विचारीत नसे. ती जमिनीच्या भरावात पडे, कालांतराने घर कोसळे, त्यावर दुसरे उभे राही, आणि इराकच्या कोरड्या प्रदेशात ती पावती ढिगाऱ्याखाली पुरलेलीच राही. उर या तेथील प्राचीन नगरातली, इ.स.पू. 1750च्या सुमाराची एक पाटी या दृष्टीने मोठी गमतीची आहे. तीत नन्नी नावाच्या गिऱ्हाईकाने एआ-नासिर या व्यापाऱ्याला, हलक्या प्रतीचे तांबे माथी मारल्याबद्दल खरमरीत शब्दांत सुनावले आहे. ते तांबे केव्हाच नाहीसे झाले. तक्रार मात्र आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. तेथील सुमारे 1,30,000 पाट्या व तुकड्यांमध्ये राजांच्या पराक्रमांबरोबरच सातूची वाटणी, मेंढ्यांची मोजदाद, कर्जरोखे असला रोजचा व्यवहारही भरपूर आहे आणि, आमच्या मते, खरे मोल त्याचेच आहे.

दुसरे कारण आग. भूर्जपत्रांचे ग्रंथालय जिने राख केले असते, तिनेच मातीचे ग्रंथालय पक्के केले. इ.स.पू. 612 मध्ये असिरियाची राजधानी निनेवे जाळली गेली, तेव्हा तेथील असुरबनिपाल राजाच्या संग्रहातील अनेक पाट्या विटांसारख्या भाजून निघाल्या. ऑस्टिन हेन्री लेयार्ड आणि मूळचे मोसुलचे होर्मुझ्द रस्साम यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास त्या उकरून काढल्या. त्यांतीलच एका पाटीवर ब्रिटिश म्युझियममधील अभ्यासक जॉर्ज स्मिथ यांना 1872 मध्ये जलप्रलयाची कथा वाचायला मिळाली.

पाटीला खरा धोका जमिनीबाहेर आल्यावर सुरू होतो. मातीत मुरलेले क्षार हवेतील ओलाव्याच्या चढउताराने पृष्ठभागावर स्फटिकांच्या रूपात जमतात आणि अक्षरांसकट पापुद्रे सुटू लागतात. म्हणून संग्रहालयांनी कित्येक कच्च्या पाट्या भट्टीत सावकाश भाजून, नंतर पाण्यात ठेवून त्यांतील क्षार काढले आहेत.

नातवाला हे प्रत्यक्ष दाखवायचे असेल, तर चितार ओळीतून मूर्तीची थोडी माती आणून तीन वड्या कराव्यात आणि आइस्क्रीमची काडी चौकोनी कापून तिच्या कोपऱ्याने ठसे उमटवावेत. वाळल्यावर एक वडी पाण्याच्या वाटीत टाकावी, दुसरी कपाटात ठेवावी आणि तिसरी कुंभाराच्या भट्टीतून भाजून आणून तीही पाण्यात टाकावी.