इंकांच्या शामन परंपरेतून निर्भय, शांत जगणं शिकता येतं का?

येतं. पण 'शामन', म्हणजे आत्म्यांशी आणि निसर्गशक्तींशी संवाद साधणारा जाणता, हा शब्द मुळात सायबेरियाकडचा. इंकांचा मुलूख असलेल्या, दक्षिण अमेरिकेतल्या पेरूच्या अँडीज पर्वतात क्वेचुआ भाषेत अशा जाणत्याला 'पाको' म्हणतात. कुस्को भागातल्या केरो लोकांनी ही परंपरा आजही जपली आहे.

तिचा गाभा 'आयनी', म्हणजे परतफेडीचं नातं. आपल्याकडच्या इर्जिकीसारखंच: आज मी तुझ्या शेतात, उद्या तू माझ्या. फक्त तिथे डोंगर आणि धरणीमाय 'पाचामामा' यांच्याशीही हेच नातं असतं.

भीतीबद्दलचं त्यांचं म्हणणं मला फार भावतं. भीती, राग म्हणजे 'हुचा', जड ऊर्जा; पाप नव्हे. ती दाबायची नाही, जमिनीला द्यायची. पाचामामा ती खाऊन टाकते, अशी श्रद्धा. पाको कोकाची (ज्या झुडपापासून कोकेन बनतं, त्याची) तीन अखंड पानं चिमटीत धरतो, ओठांजवळ नेतो, हलकेच फुंकर घालतो, औसांगातेसारख्या शिखराचं नाव घेतो आणि मग ती अर्पण करतो.

भारतात कोका बेकायदा आहे, त्या पानांच्या मागे लागू नका. अनवाणी मातीवर बसा, सावकाश श्वास सोडा, मनावरचं ओझं खाली जाऊ द्या. मात्र रात्ररात्र झोप लागत नसेल, सतत छातीत धडधडत असेल, तर आधी डॉक्टरांना भेटा.