काळजीच तर करत होतो, त्यात काय चुकलं?

"मॅडम, मी दोन मुलींचा बाप आहे." खुर्चीत टेकता टेकता त्यांचं हे पहिलं वाक्य. नाव सांगायच्याही आधी.

त्यांना आपण सुधाकरराव म्हणू (नाव आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत). वय 52, एका कारखान्यात देखभाल विभागाचे प्रमुख. तीन आठवडे धड झोप नाही, ॲसिडिटी, घरात चिडचिड. बायकोनं पाठवलं म्हणून माझ्याकडे समुपदेशनाला आले होते. "मला तसं काही झालेलं नाही," हेही सांगून झालं.

झालं होतं ते असं. गुजरातमधल्या एका ग्राहकाकडे मशीन बसवायचं होतं. दहा दिवसांचं काम, त्यात चार रात्रपाळ्या. विभागातल्या ज्युनियर इंजिनियरांत सगळ्यांत अनुभवी एक मुलगी. सुधाकररावांनी तिच्यानंतर दोन वर्षांनी लागलेल्या मुलाला पाठवलं. दीड वर्षात हे चौथ्यांदा. मग बाहेरगावच्या कामांचा अनुभव धरून बढतीही त्यालाच मिळाली. ती केबिनमध्ये आली आणि आवाज न चढवता म्हणाली, "सर, मला एकदा विचारलं तरी होतंत का?" नंतर तिनं एचआरकडे लेखी दिलं. त्या कागदावर 'लिंगभेद' असा शब्द होता. तो जिव्हारी लागला होता.

"परक्या गावात, रात्री-अपरात्री, लॉज कसला मिळेल याचा नेम नाही. माझ्या मुलीला नसतं पाठवलं, मग हिला कसं पाठवू? काळजी करणं गुन्हा झाला का?"

हा प्रश्न मला वरचेवर ऐकू येतो. कधी सासूकडून, कधी शिक्षकांकडून, कधी नवऱ्याकडून. विचारणारी माणसं बहुतेक वेळा चांगलीच असतात. बायकांना खरोखर तुच्छ लेखणारे माझ्या दारात येतच नाहीत.

पीटर ग्लिक आणि सुझन फिस्क या मानसशास्त्रज्ञांनी 1996 मध्ये लिंगभेदाचे दोन चेहरे वेगळे करून दाखवले. एक वैराचा: बायका डोक्यावर बसतात, त्यांना जागेवर ठेवा. दुसरा मायेचा: बायका नाजूक, जपायला हव्यात. दुसरा चेहरा हसरा असतो, म्हणून तो कुणाला ओळखू येत नाही, खुद्द तो धारण करणाऱ्यालाही नाही. पण हिशेब मांडला तर हाती तेच येतं. काम गेलं, अनुभव गेला, बढती गेली, आणि वर उपकाराचं ओझं.

आणि ते 'दोन मुलींचा बाप'? त्याचीही गंमत आहे. बेनोआ मोनिन आणि डेल मिलर यांच्या 2001 च्या प्रयोगांत, बायकांबद्दलची उघड वाईट विधानं खोडून काढायची संधी ज्यांना आधी मिळाली, तेच लोक नंतर 'पुरुषी' समजल्या जाणाऱ्या नोकरीसाठी पुरुषाकडे जास्त झुकले. आपण चांगले आहोत याची पावती एकदा खिशात पडली की माणूस निर्धास्त होतो. हे मी त्यांना पहिल्याच भेटीत ऐकवलं नाही, उठून गेले असते.

दुसऱ्या भेटीत त्यांनी मोबाइल पुढे केला. धाकट्या लेकीनं कसलीशी चाचणी पाठवली होती. शब्द भराभर डावी-उजवीकडे टाकायचे, त्या वेगावरून मनातल्या सांगडी मोजायच्या. हे तंत्र 1998 पासून आहे. निकाल आला होता: पुरुष म्हणजे करिअर, स्त्री म्हणजे कुटुंब, सांगड तीव्र. "म्हणजे मी तसाच ना?" चेहरा अगदी पडला होता. मी म्हटलं, हा ताप मोजायचा थर्मामीटर नाही. त्याच माणसाचा आकडा आठवड्यानं वेगळा येऊ शकतो. गटांच्या अभ्यासाला ठीक, एकट्या माणसावर शिक्का मारायला नाही. तुमचं मन तपासायचंय ना, मग तुमचेच कागद घेऊन या.

तिसऱ्या वेळी ते वार्षिक मूल्यमापनाच्या झेरॉक्स घेऊन आले, नावांवर पट्टी चिकटवून. मोठ्यानं वाचायला सांगितलं. मुलाबद्दल: "धडाडीचा. चुका करतो पण शिकतो. पुढे जाईल." मुलीबद्दल: "मेहनती. शांत. सगळ्यांशी जुळवून घेते." चष्मा काढून त्यांनी पुसला, परत घातला, परत वाचलं.

"अहो, हे तर स्थळ बघून आल्यासारखं लिहिलंय मी."

यावर मला बोलण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

कामाचं बोललो ते यानंतर. एरिक उलमन आणि जेफ्री कोहेन यांचा 2005 चा एक प्रयोग मला फार उपयोगी पडतो. पोलीस प्रमुखपदाचे उमेदवार, कधी पुरुष, कधी बाई: कुणी शिकलेलं, कुणी रस्त्यावरच्या अनुभवातून तयार झालेलं. पुरुषाकडे जो गुण असेल तोच गुण निवडणाऱ्यांना त्या पदासाठी महत्त्वाचा वाटायला लागला. निकष मात्र उमेदवार बघण्याआधीच ठरवायला लावले, तेव्हा हा झुकाव गेला. म्हणून सुधाकररावांना एकच पथ्य दिलं. बाहेरगावचं काम आलं की आधी कागदावर लिहायचं, या कामाला काय काय यायला हवं. मग यादी काढायची. मग यादीतल्या प्रत्येकाला विचारायचं.

"रात्रपाळीला तर कायदाच आड येत होता की," ते म्हणाले. खरंय, 1948 च्या कारखाना अधिनियमात बायकांना संध्याकाळी सातनंतर काम देण्यावर बंधन होतं. त्यांची बरीचशी नोकरी त्या कलमाखाली गेलेली. पण 2020 च्या नव्या कामगार संहितेत हेच काम तिच्या संमतीनं, सुरक्षेच्या अटी पाळून करता येतं. संमती म्हणजे तरी काय, विचारणंच.

जाता जाता माझीही कबुली. पहिल्या भेटीची माझी टिपणवही चाळली, तर कामावर जाणाऱ्या प्रत्येक बाईला मी विचारलेलं होतं, "मुलांकडे कोण बघतं?" सुधाकररावांच्या पानावर तो प्रश्न नव्हता. बावीस वर्षं हेच काम करतेय मी.

दोन महिन्यांनी ते आले ते झोपेची तक्रार घेऊन नाही. नवं काम निघालं होतं. यादीत दोघं होते, दोघांनाही विचारलं. ती लगेच हो म्हणाली, फक्त लॉजऐवजी ग्राहकाचं गेस्ट हाउस मागितलं. मुलगा मात्र मान खाली घालून उभा राहिला. त्याच्या आईचं डायलिसिस चालू होतं, वर्षभर. प्रत्येक दौऱ्याला मावशीला गावाहून बोलवत होता.

"बोलला का नाहीस, म्हटलं. तर म्हणतो, सर, तुम्ही विचारलंच नाहीत, थेट तिकीटच दिलंत."

ती पोचली त्या रात्री त्यांनी तिला फोन केला, नीट पोचलीस ना म्हणून. फोन ठेवल्यावर लक्षात आलं, चार दौऱ्यांत मुलाला असा फोन कधीच केला नव्हता.

"मग?"

"मग त्यालाही लावला. आई कशी आहे विचारलं."