ट्रॉलीचा डावा टायर आतूनच का घासतो?

प्रश्न : आमच्या कुळागरातील नारळ, सुपारी आणि शेणखत वाहण्यासाठी मी ट्रॅक्टरमागे जोडायची दोन चाकांची ट्रॉली वापरतो. पावसाळा संपला की तिच्यातून चिरेही नेतो. गेल्या वर्षभरात डाव्या चाकाचे दोन टायर बदलावे लागले. दोन्ही वेळा टायरची फक्त आतली, म्हणजे चासीकडची कड गुळगुळीत झाली आणि बाहेरची नक्षी जवळपास नव्यासारखी राहिली. उजवा टायर ठीक आहे. हवा मी दर पंधरवड्याला तपासतो. एका दुकानदाराने टायरची कंपनी बदलायला सांगितले, तर दुसऱ्याने चाकांचे बॅलन्सिंग करून घ्या असे सुचवले. दोन वर्षांपूर्वी भर पावसात डावे चाक गटारात उतरले होते. त्याचा याच्याशी काही संबंध असेल काय?
– एक बागायतदार, सत्तरी

उत्तर : संबंध असण्याचीच शक्यता अधिक आहे. टायर बदलूनही झीज त्याच चाकावर आणि त्याच कडेला आली, याचा अर्थ दोष टायरमध्ये नसून टायर ज्यावर बसतो त्या भागात आहे. तेव्हा कंपनी बदलून काहीही साधणार नाही. बॅलन्सिंगचा सल्लाही येथे लागू पडत नाही, कारण चाकाचा तोल बिघडला तर टायरवर ठिकठिकाणी खळगे पडतात, एकच कड सलग घासत नाही. हवा सतत कमी राहिली तर दोन्ही कडा जातात आणि जास्त राहिली तर मधला पट्टा जातो. आपल्या टायरवर यांपैकी काहीच दिसत नाही. हवा तपासताना मात्र ती सकाळी, ट्रॉली हलवण्यापूर्वी तपासावी, कारण उन्हातून भरलेली ट्रॉली ओढून आणल्यावर मोजलेला दाब नेहमीच चढा दिसतो.

एकच कड घासते तेव्हा दोन शक्यता उरतात. एक तर चाक उभे नसते, म्हणजे त्याचा माथा आत किंवा बाहेर कललेला असतो; नाही तर ते उभे असूनही चालीच्या दिशेला तिरके असते. या दोन्हींतला फरक हाताला कळतो. काढलेला टायर अजून अंगणातील अबोलीची कुंडी झाला नसेल तर तो समोर घ्यावा आणि तारा उघड्या पडलेल्या नाहीत ना हे आधी पाहून नक्षीवरून तळहात एकदा आतून बाहेर व एकदा बाहेरून आत फिरवावा. एका दिशेने हात सहज सरकला आणि उलट दिशेने करवतीच्या दात्यांसारखी बोच लागली तर चाक तिरके चालत होते असे समजावे. दोन्ही दिशांनी सारखेच गुळगुळीत लागले तर चाक कललेले आहे. चाक कललेले असावे असे मला वाटते आणि त्यास कारण आहे. दोन्ही चाके एकाच ॲक्सलवर, म्हणजे त्यांना जोडणाऱ्या आडव्या दांड्यावर, असल्यामुळे एखादे चाक तिरके झाले तरी ट्रॉली स्वतः थोडी आडवी होऊन चालते आणि तो तिरकेपणा दोन्ही चाकांत वाटला जातो. त्यामुळे तशा दोषात बहुधा दोन्ही टायर घासतात. आपला उजवा टायर ठीक आहे.

तरीही मोजल्याशिवाय ॲक्सलला दोषी ठरवू नये. आरंभ बेअरिंगपासून करावा, कारण ते सैल असेल तर पुढची सगळी मापे खोटी ठरतात. रिकामी ट्रॉली ट्रॅक्टरला जोडलेलीच ठेवावी, ट्रॅक्टरचा ब्रेक लावावा आणि उजव्या चाकाला पुढून-मागून दगड लावावेत. जॅकखाली जाड फळी घालावी, नाही तर आपल्या तांबड्या मातीत तो रुततो. डावे चाक जमिनीपासून दोन बोटे उचलले की एक हात चाकाच्या माथ्यावर आणि दुसरा तळाशी ठेवून ते आत-बाहेर हलवून पाहावे. खडखड जाणवली तर हब, म्हणजे चाकाचा बेअरिंग असलेला मधला भाग, उघडावा. ग्रीस दुधाळ दिसले तर आत पाणी गेले आहे हे नक्की, आणि अशा वेळी नुसते नवे ग्रीस वर थापून भागत नाही. बेअरिंग धुऊन, निरखून, गरज पडल्यास बदलून नवे सील घालावे लागते. नट आवळताना चाक हाताने फिरवत राहावे, म्हणजे बेअरिंग जागेवर बसते. त्यानंतर नट किंचित मागे घेऊन तो फिरू नये म्हणून नवी कॉटर पिन घालावी. जुनीच पिन वाकवून पुन्हा बसवण्याची सवय आपल्याकडे फार आहे. पाच-दहा रुपयांसाठी चाक निखळण्याचा धोका पत्करण्यात शहाणपण नाही.

बेअरिंग घट्ट असल्याची खात्री झाली की गवंड्याचा ओळंबा मागून आणावा. सिमेंटच्या सपाट जागेवर ट्रॉली चार-पाच मीटर सरळ पुढे नेऊन थांबवावी आणि जागा समतल आहे ना हे पाणसळ लावून पाहावे. ट्रॉलीच्या फळीवर आडवी काठी बांधून ओळंब्याची दोरी चाकाच्या मध्यावरून अशी सोडावी की ती हबला किंवा टायरच्या फुगीर भागाला कुठेही टेकणार नाही. मग दोरीपासून रिमच्या वरच्या काठापर्यंतचे आणि खालच्या काठापर्यंतचे अंतर स्टीलच्या पट्टीने मोजावे. माप रिमचेच घ्यावे, टायरचे नव्हे, कारण टायर वजनाने तळाशी फुगतो आणि हमखास फसवतो. वरचे अंतर खालच्यापेक्षा जास्त भरले तर चाकाचा माथा आत कललेला आहे. सोळा इंची रिमवर सुमारे ७ मिलिमीटरचा फरक म्हणजे १ अंशाचा कल होय. उजव्या चाकाचेही माप घ्यावे आणि दोन्ही मापे ट्रॉली रिकामी असताना एकदा व नेहमीचा माल भरून एकदा, अशी दोनदा घ्यावीत.

या दोन मापांतच निदान आहे. रिकाम्या ट्रॉलीतही फक्त डावे चाक आत कललेले आढळले तर गटारात उतरताना ॲक्सलचे ते टोक वाकले, असा निष्कर्ष काढण्यास हरकत नाही. रिकामी असताना दोन्ही चाके उभी आणि माल भरल्यावर दोन्ही आत कलत असतील तर ॲक्सल मध्ये दबतो आहे, म्हणजेच ओझे त्याच्या ताकदीबाहेरचे आहे. भरल्यावर एकटे डावेच कलत असेल तर माल एका बाजूला पडतो आहे काय, ते पाहावे. नारळांनी ट्रॉली शिगोशीग भरली तरी फारसे बिघडत नाही, पण चिऱ्यांची गोष्ट वेगळी आहे. एक चिरा ३० किलोचा धरला तर १०० चिऱ्यांचे ३ टन होतात आणि ते रचलेले पाहताना ट्रॉली अर्धीच भरल्यासारखी वाटते. शिवाय आपले रस्ते मध्ये उंच व कडांना उतरते असतात आणि आपण डावीकडून चालतो. त्यामुळे डाव्या चाकावर थोडे अधिक वजन येते आणि तुटलेल्या साइडपट्टीचे धक्केही त्याच चाकाला बसतात. जवळच्या वजनकाट्यावर भरलेल्या ट्रॉलीचे एकच चाक काट्यावर घेऊन, मग दुसरे घेऊन, दोन्ही बाजूंचे वजन वेगवेगळे करता येते. काटेवाला कुरकुर करील, पण करून देईल.

चाक तिरके आहे की नाही, याचीही खात्री याच फेरीत करून घ्यावी. दोन्ही टायरच्या मागच्या बाजूला, ॲक्सलच्या उंचीवर, नक्षीच्या मध्यावर खडूने खूण करून दोन खुणांमधले अंतर टेपने मोजावे. मग चाके बरोबर अर्धा फेरा फिरतील इतकीच ट्रॉली पुढे ओढावी, म्हणजे त्याच खुणा समोर येतील, आणि पुन्हा मोजावे. खुणा त्याच असल्यामुळे टायर किंवा रिम किंचित वेडेवाकडे असले तरी माप बिघडत नाही. दोन अंतरांत ३ मिलिमीटरपेक्षा अधिक फरक आला तर तोही दोष दुरुस्त करावा लागेल.

ॲक्सलला पाट्यांशी, म्हणजे पट्ट्यांच्या स्प्रिंगांशी, आवळणाऱ्या यू-बोल्टकडेही एक नजर टाकावी. पाट्याच्या बैठकीशेजारी ॲक्सलवर गंज नसलेली चकचकीत पट्टी दिसली तर ॲक्सल सरकला आहे आणि बहुधा सेंटर बोल्ट तुटला आहे. याने टायरपेक्षा ट्रॉलीची चालच अधिक बिघडते. ती ट्रॅक्टरमागे खेकड्यासारखी तिरकी धावू लागते.

ॲक्सल वाकलेला निघाला तर गॅसने लालबुंद तापवून हातोड्याने सरळ करून घेण्याच्या फंदात पडू नये. मी एकदा तसे करून घेतले आणि काजूचा एक हंगाम सरायच्या आत ॲक्सल त्याच जागी पुन्हा वाकला, कारण तापवलेल्या जागी पोलादाची ताकद गेलेली होती. खालून पट्टी वेल्ड करून मजबुती आणण्याचा उपायही तितकाच घातक आहे. वेल्डिंग थंड होताना आकसते आणि अख्खा ॲक्सल आपल्याकडे ओढते. थंड अवस्थेत प्रेसवर सरळ करून मापे दाखवणारा कारागीर मिळाला तर ठीक, अन्यथा त्याच क्षमतेचा नवा ॲक्सल बसवावा. तो खर्च आजवर फुकट गेलेल्या टायरांच्या हिशेबात धरावा. नवा टायर त्यानंतरच चढवावा.

प्रश्न : आमची होडी आम्ही ट्रेलरवरून खाडीत उतरवतो. टायर फार चाललेले नाहीत, तरी त्यांवर हातभर अंतराने खळगे पडले आहेत. असे का व्हावे?
– एक वाचक, काणकोण

उत्तर : बहुधा बेअरिंग सैल झाले आहेत, आणि मूळ कारण खारे पाणी आहे. रस्त्यावरून आल्यावर हब गरम असतो. तो तसाच पाण्यात गेला की आतली हवा एकदम आकसते आणि सीलमधून खारे पाणी आत खेचले जाते. बेअरिंग गंजून सैल झाले की चाक डुगडुगते, टायर रस्त्यावर आपटत चालतो आणि असे खळगे पडतात. ट्रेलर पाण्यात नेण्यापूर्वी हब हाताला थंड लागेपर्यंत थांबावे, बाहेर काढल्यावर गोड्या पाण्याने धुवावे आणि हंगामात हब किमान एकदा उघडून पाहावा. बेअरिंग ठीक निघाले तरच बॅलन्सिंगवर खर्च करावा. ट्रेलर महिनोन्‌महिने उभा राहत असेल तर टायरच्या बाजूवरील चार अंकी आकडाही वाचावा. २३१९ म्हणजे २०१९ सालच्या २३व्या आठवड्यात बनलेला टायर. नक्षी शाबूत असली तरी बाजूच्या रबराला भेगा पडल्या असतील तर तो रस्त्यावर आणू नये.

प्रश्न : चार चाकांच्या, एकामागे एक दोन ॲक्सल असलेल्या ट्रेलरचे मागचेच टायर लवकर का जातात?
– एक वाचक, फोंडा

उत्तर : अशा ट्रेलरची चाके वळणावर थोडी आडवी घसटतातच, आणि तेवढी झीज गृहीत धरावी लागते. फक्त मागचेच टायर जात असतील तर भरलेला ट्रेलर सपाट जागेवर बाजूने पाहावा. जोडणीचे टोक उंच राहून ट्रेलर मागे झुकलेला असेल तर मागच्या ॲक्सलवर जादा भार येतो. जोडणीची उंची कमी करून ट्रेलर समतल केला की हा भार पुन्हा दोन्ही ॲक्सलवर वाटला जातो.