झोपडीचा झोपेशी काय संबंध?

मिरजेच्या एका वाचकाने विचारलंय : ‘नाल्याकाठची घरं पाडली की बातमीत कधी झोपडपट्टी निर्मूलन येतं, कधी अतिक्रमण हटाव, कधी निष्कासन. बरोबर शब्द कोणता? आणि झोपडी म्हणजे झोपण्यापुरती जागा, असं परवा एका व्याख्यानात ऐकलं. ते खरं का?’

दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण ही झोपेची व्युत्पत्ती ऐकून कान किटले आहेत. व्यासपीठावर तीच, व्हॉट्सॲपवर तीच. आता व्याख्यातेही तीच सांगू लागले असतील तर एकदा नीट बोललंच पाहिजे.

झोपडी एकट्या मराठीची नाही. हिंदीत झोंपडी, गुजरातीत झूंपडी, नेपाळीत झुपडी. यांतल्या एकाही भाषेत निद्रेला झोप म्हणत नाहीत. हिंदीत नींद आहे, गुजरातीत ऊंघ. ज्या भाषांत झोपच नाही, त्यांनी झोपेवरून घराचं नाव कसं पाडलं? यावर ‘मराठीतून तिकडे गेला असेल’ असं ठरलेलं उत्तर येतं. तेही टिकत नाही. बाराव्या शतकात गुजरातेत हेमचंद्र या जैन पंडिताने प्राकृताचं व्याकरण लिहिलं, आणि अपभ्रंशाची, म्हणजे प्राकृताच्या शेवटच्या टप्प्यातल्या भाषेची, उदाहरणं म्हणून त्यात दोहे दिले. त्यातल्या एका दोह्यात ‘झुंपडा’ आहे. बाई म्हणते : माझा नवरा गोठ्यावर असताना झोपड्या जळतीलच कशा? शत्रूच्या रक्ताने विझवेल, नाहीतर स्वतःच्या.

हा दोहा मी कितीही वेळा वाचला तरी अंगावर काटा येतो. त्यातला गोठ्यासाठीचा शब्द ‘गुट्ठ’, म्हणजे आपला गोठाच! झोपडीचा इतका जुना उल्लेख सापडतो, आणि तिथे कोणी झोपलेलं नाही. गुरं आहेत, राखण आहे, आग आहे, जिवावर उदार झालेला माणूस आहे. झोपडी कामाच्या जागी आहे.

मग शब्द आला कुठून? माझं मत स्पष्ट आहे : झुपका. गवताचा, पाल्याचा झुपका. झुपकेदार शेपूट म्हणतो, फुलांचा झुबका म्हणतो, तेच कूळ. झुपक्यांनी शाकारलेली ती झोपडी. साखर कारखान्याच्या तळावर ऊसतोडणीच्या टोळ्यांच्या कोप्या पाहा : बांबूची कमान, वर पाचट नाहीतर चटई, आत एक चूल, पत्र्याची पेटी, दोरीवर कपडे. लांबून पाहिलं तर जमिनीतून झुपकेच वर आलेत असं वाटतं. झोप तिथे सगळ्यांत कमी. पहाट व्हायच्या आत टोळी फडात असते.

आता पट्टी. आमच्याकडचे एक जाणकार छातीठोकपणे सांगतात की ही पट्टी घरपट्टीतली, कराची. अजिबात नाही. ज्यांच्या जागेची नोंदच नव्हती त्यांच्याकडून कर कोण घेत होतं? पट्ट म्हणजे लांबट तुकडा. त्याच घरातून जखमेवरची पट्टी आली, शाळेतली आली, पाणीपट्टी आली, आणि सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या हिशेबाचा अडत्या देतो ती पट्टीसुद्धा. झोपड्या उभ्या राहिल्या त्या नाल्याच्या, रुळांच्या, रस्त्याच्या कडेने, उरलेल्या चिंचोळ्या तुकड्यावर. तीच ही पट्टी. तिथे राहणारी माणसं मात्र हा शब्द वापरत नाहीत. ती ‘आमची वस्ती’ म्हणतात. जिल्ह्यात मळ्यावरच्या घरांनाही वस्तीच म्हणतात आणि मुक्कामी गाडीला वस्तीची एसटी. बंगालीत हाच शब्द ‘बस्ती’ होऊन थेट झोपडपट्टीवर जाऊन बसला, याचं मला वाईट वाटतं.

झोपेच्या व्युत्पत्तीवर एवढा का चिडतो, तेही सांगतो. घर म्हणजे फक्त झोपायची जागा असं एकदा मान्य केलं, की ती जागा कुठेही दिली तरी चालते. यार्डात हमाली करणारा किंवा बेदाणा निवडायला जाणारी बाई चालत कामावर पोचते म्हणून नाल्याकाठी राहते. तिला गावाबाहेर चौथ्या मजल्यावर खोली दिली की झोपेची सोय होते, पण रोजगार बुडतो. हे सर्वोच्च न्यायालयानेही ओळखलं होतं. १९८१ साली मुंबईच्या फुटपाथवरच्या लोकांना हुसकावून बसमधून गावी धाडायचं ठरलं. त्यावरच्या ओल्गा टेलिस खटल्यात १९८५ साली न्यायालय म्हणालं की उपजीविकेचा हक्क जगण्याच्या हक्कातच येतो, आणि ही माणसं कामाजवळ राहता यावं म्हणून तिथे राहतात. पाडकामाचा पालिकेचा अधिकार मात्र कायम ठेवला. जकार्तात २०१५ साली पुराचं कारण देऊन चिलिवुंग नदीकाठची कांपुंग पुलो ही वस्ती पाडली आणि लोकांना भाड्याच्या इमारतींत नेलं. कांपुंग म्हणजे गाव. मनिलातून शहराबाहेर लांब वसवलेली कुटुंबं कामासाठी परत शहरात येतात, हे तिथलं जुनं दुखणं. कृष्णेचा पूर ज्यांनी २०१९ मध्ये पाहिला त्यांना नदीकाठच्या धोक्याबद्दल मी काय सांगावं! धोका खराच आहे. पण माणूस हलवायचा तर त्याचं कामही हिशेबात धरावं लागतं.

आता पहिला प्रश्न. हटाव हिंदीतून उचललेला घोषणेचा शब्द आहे, बातमीत नको. निष्कासन म्हणजे बाहेर काढणं, म्हणून ते माणसांचं होतं. ‘बांधकाम निष्कासित केले’ हे कार्यालयीन वाक्य म्हणूनच चूक आहे. भिंत पाडतात, बाहेर माणसं काढली जातात, आणि वाक्यात नेमकी तीच नसतात. निर्मूलन तर मुळासकट उपटणं. ते देवीच्या रोगाचं होतं, अंधश्रद्धेचं होतं. साताऱ्यात डॉ. दाभोलकरांनी तो शब्द किती नेमका वापरला! राहत्या घरांना तो लावता येत नाही, १९७१ च्या झोपडपट्टी कायद्याच्या नावात असला तरीही.

तेव्हा सरळ ‘घरे पाडली’ लिहा. कोणी पाडली ते लिहा, आणि पर्यायी जागा दिली असेल तर ती यार्डापासून किती किलोमीटरवर आहे, तेही त्याच बातमीत येऊ द्या.