संकट सरलं, तरी जीव थाऱ्यावर का येत नाही?

“आता सगळं मार्गी लागलंय. मग रात्री तीनला जाग का येते? बहीण म्हणते, त्यांना माफ करून टाक, मन हलकं होईल. मला तेही जमत नाही. माझंच काही चुकतंय का?”

शब्द बदलतात, पण हा प्रश्न आमच्याकडे नेहमी येतो. एका केसच्या आधारे त्याचं उत्तर देत आहोत. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

बाईंचं वय 42, कपड्यांच्या कारखान्यात शिलाई मशीनवर काम. नवरा अपघातात गेला तेव्हा मुलं लहान होती. तेरावं झालं आणि आठवड्याच्या आत थोरल्या दिरांनी “घरचेच कागद आहेत” म्हणत सही घेतली. वर्षभरात घर सोडावं लागलं. पुढची दहा वर्षं पोटाला चिमटा काढून गेली. आता मुलगी कमावते, मुलगा डिप्लोमाला आहे, भाडं वेळेवर जातं. तरीही कुलूप तीन-तीनदा ओढून बघायचं, कागदपत्रांची पिशवी उशाशी ठेवायची, जेवायचं ते उभ्या उभ्या. अनोळखी नंबरवरून फोन आला की छातीत धडधड. सुपरवायझर होण्याबद्दल कारखान्यात दोनदा विचारलं, दोन्ही वेळा यांनी नकार दिला.

धोका जाणवला की ॲड्रेनलिन आणि कॉर्टिसॉल वाढतात, श्वास उथळ होतो, स्नायू ताठ राहतात, झोप सावध होते. हे वर्षानुवर्षं चाललं की शरीराला तीच नेहमीची स्थिती वाटू लागते. खात्यात चार पैसे आले म्हणून ती आपोआप बदलत नाही. त्यामुळे “आता कशाला घाबरतेस?” असं विचारून काहीच साधत नाही. याच सावधपणाने तिची दोन मुलं वाढवली आहेत, हे आधी मान्य करावं लागतं.

सुरुवात शरीरापासून केली. चार मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर. सकाळ-संध्याकाळ पाच-पाच मिनिटं. पोट घट्ट धरून किंवा ओढून-ताणून श्वास घेतला तर चक्कर येते, म्हणून सहज जमेल तेवढाच. कुलूप एकदाच लावायचं आणि मोठ्याने म्हणायचं, “लावलं.” काळजीसाठी संध्याकाळी पंधरा मिनिटं ठरवून दिली, इतर वेळी काळजी आली की वहीत एक ओळ लिहून ती त्या वेळेवर ढकलायची. एक जेवण बसून. हे शेवटचं सगळ्यांत जड गेलं.

मग धाडसाची शिडी. जे टाळलं जातं त्याची यादी करायची आणि प्रत्येकाला भीतीचे 0 ते 100 गुण द्यायचे. अनोळखी नंबरचा फोन उचलणं 30, सासरच्या गावावरून जाणाऱ्या एसटीत बसणं 45, सुपरवायझरच्या कामाला होकार 60, दिरांसमोर उभं राहणं 90. सुरुवात 30 च्या आसपास. प्रत्येक पायरीआधी ‘काय होईल असं वाटतं’ ते लिहायचं आणि नंतर ‘काय झालं’ ते. हे दोन रकाने शेजारी-शेजारी दिसले की भीतीचा अंदाज किती चुकतो, ते मेंदू शिकतो.

गाडी अडली ती मध्येच. बहिणीच्या आग्रहाखातर बाई पुतण्याच्या लग्नाला गेल्या, म्हणजे 30 वरून थेट 90 वर. दिरांना पाहून हातपाय गार पडले, न जेवताच त्या परतल्या, पुढे चार रात्री झोप नाही. भीती ऐन भरात असताना निघून आलं की ‘पळाले म्हणून वाचले’ एवढंच मनात पक्कं होतं. आम्ही पुन्हा 30 वर आलो.

माफीकडे वळलो ते यानंतर. दिरांना न पाठवायचं पत्र लिहायला सांगितलं: चार दिवस, रोज वीस मिनिटं, झोपण्याच्या आधी नाही. पहिल्या पत्राची पहिली ओळ होती, “भावजी, माझं काही चुकलं असेल तर माफ करा.” गाठ तिथेच सापडली. राग दिरांवर होताच, पण त्याहून जास्त स्वतःवर होता: मी न वाचता सही केलीच कशी? ज्या बाईचा स्वतःच्या निर्णयावरच भरवसा उरला नाही, ती सुपरवायझर कशी होईल?

म्हणून दुसरं पत्र त्या दिवसाच्या स्वतःला लिहायला लावलं. त्या आठवड्यात झोप किती तास होती, घरात कोणाचं चालायचं, “वाचून दाखवा” म्हणायची सोय होती का, असे साधे तपशील त्यात लिहायचे. ते लिहिताना त्या खूप रडल्या आणि त्यानंतर प्रथमच दिरांबद्दलचा राग स्पष्ट शब्दांत बाहेर आला. राग बोलण्याआधी केलेली माफी टिकत नाही, असा आमचा ठाम अनुभव आहे. नातेवाइकांनी घाई केली की बाधा येते ती इथेच.

माफ करणं म्हणजे सूडाचा विचार मनातून उतरवणं. संबंध जोडणं वेगळं, हक्क सोडणं तर त्याहून वेगळं. हिंदू वारसा कायदा, 1956 नुसार मृत्युपत्र नसेल तर विधवा, मुलं आणि आई नवऱ्याच्या मालमत्तेचे पहिल्या वर्गाचे वारस असतात. सही झालेला कागद टिकतो का, ते वकिलाने पाहायचं. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. बाईंनी तिथे अर्ज केला. दिरांबद्दल “वाईट व्हावं असं आता वाटत नाही, पण वाटा हवा” अशी त्यांची भूमिका आहे आणि त्यात काहीही विसंगत नाही.

मारहाण किंवा धमक्या अजून चालू असतील तर यातलं काहीही करू नये. तेव्हा आधी सुरक्षितता, महिला हेल्पलाइन 181. जीव द्यावासा वाटत असेल किंवा जुना प्रसंग पुन्हा घडतोय असा भास होत असेल तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटावं. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर दिवसरात्र चालू असतो.

सुपरवायझरच्या कामाला होकार देताना बाईंनी महिनाभराची मुदत मागून घेतली; जमलं नाही तर मशीनवर परत, असं ठरवून. आता त्या तेच काम करतात. पिशवी कपाटात गेली आहे. नवऱ्याच्या वर्षश्राद्धाच्या आसपास तीनची जाग परत येते. त्यासाठी तो पंधरवडा कॅलेंडरवर आधीच खुणेने अडवून ठेवला आहे. त्या दिवसांत श्वासाचा सराव दोनऐवजी तीन वेळा करायचा आणि नवी पायरी चढायची नाही.